ताइफचा तह : वाटे पडले, युद्ध थांबलं, पुढे काय?

ताइफ म्हटलं की आपल्या घरांत एकच प्रसंग आठवतो. प्रेषित मुहम्मद (स.) दीनचा संदेश घेऊन त्या शहरात गेले. तिथल्या सरदारांनी त्यांच्यामागे पोरं लावली, दगड मारले, पायातले जोडे रक्ताने भरले. तरीही त्यांनी त्या शहराला बद्दुआ दिली नाही. मकतबमध्ये, सीरतच्या जलशात, आईच्या तोंडून, हा प्रसंग आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेला आहे.

त्याच ताइफमध्ये १९८९ च्या सप्टेंबरअखेरीस ६२ माणसं जमली. ३१ मुसलमान आणि ३१ ख्रिस्ती. हे सगळे लेबनॉनच्या संसदेचे सभासद, १९७२ साली निवडून आलेले. देशात चौदा वर्षं यादवी चालू होती, त्यामुळे त्यानंतर निवडणूकच झाली नव्हती. ९९ पैकी बरेच जण तोवर वारले होते, काही ताइफला आले नाहीत. स्वतःच्या देशात एकत्र बसायला सुरक्षित जागा नव्हती म्हणून हे लोक सौदी अरबस्तानात बसले. तीन आठवडे वाद घातले आणि २२ ऑक्टोबर १९८९ रोजी एक तह मान्य केला. लेबनॉनचं युद्ध संपवणारा करार म्हणून तो इतिहासात नोंदला गेला.

सुदान, येमेन, लिबिया, सिरिया यांच्या बातम्या आल्या की आपल्या बैठकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अरे, सगळ्यांना सरकारात घ्या, ज्याचा त्याचा वाटा द्या, भांडण मिटेल." मलाही बरीच वर्षं तसंच वाटत असे. लेबनॉनविषयी वाचत गेलो तसं हे वाक्य अर्धं खरं आहे असं वाटू लागलं. उरलेलं अर्ध काय आहे, ते सांगण्यासाठी हा लेख.

वाट्यांची जुनी गोष्ट

लेबनॉन लहान देश आहे. आपल्या पुणे जिल्ह्याहूनही क्षेत्रफळाने लहान. पण त्यात मान्यता असलेले धर्मपंथ आहेत अठरा. मॅरोनाइट, ऑर्थोडॉक्स, ग्रीक कॅथलिक, आर्मेनियन असे ख्रिस्ती. सुन्नी, शिया, द्रूझ, अलवी हे मुसलमानांच्या बाजूने मोजले जाणारे. उस्मानी राज्यात प्रत्येक धर्मसमूहाला 'मिल्लत' मानून त्याचे लग्न, तलाक, वारसा यांचे कज्जे त्याच्याच धर्मगुरूंवर सोपवलेले असत. ती रीत आजही तिथे चालू आहे. नागरी विवाहाचा कायदा नसल्यामुळे वेगवेगळ्या धर्मांतली जोडपी लग्नासाठी शेजारच्या सायप्रसला जातात.

१८६० साली तिथल्या डोंगराळ भागात द्रूझ आणि मॅरोनाइट यांच्यात भयंकर कत्तल झाली. तिचं लोण दमास्कसपर्यंत पोचलं. अल्जीरियात फ्रेंचांशी पंधरा वर्षं लढून दमास्कसमध्ये निर्वासिताचं आयुष्य काढणाऱ्या अमीर अब्दुल कादिर यांनी तेव्हा हजारो ख्रिश्चनांना स्वतःच्या आसऱ्याला घेऊन वाचवलं. हा माणूस आपल्या मुलांच्या माहितीत असायला हवा. त्या कत्तलीनंतर युरोपी राष्ट्रांच्या दबावाखाली उस्मानी सरकारने डोंगरी लेबनॉनसाठी वेगळा कारभार लावला. ख्रिस्ती पण लेबनॉनबाहेरचा राज्यपाल, आणि त्याच्या मदतीला बारा सभासदांचं मंडळ, पंथवार वाटून दिलेलं. भांडण झालं की वाटे पाडायचे, हा उपाय लेबनॉनमध्ये इतका जुना आहे.

पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच आले. १ सप्टेंबर १९२० रोजी जनरल गुरो याने 'बृहद लेबनॉन' जाहीर केला. जुन्या डोंगरी भागाला त्रिपोली, बैरूत, सैदा, सूर ही किनाऱ्यावरची शहरं आणि बिका खोरं जोडलं. त्यामुळे मोठ्या संख्येने मुसलमान या नव्या देशात आले, आणि त्यांच्यातल्या अनेकांना सिरियाबरोबर राहायचं होतं. १९३२ साली फ्रेंचांनी जनगणना केली. तीत ख्रिस्ती निम्म्याहून थोडेसे जास्त भरले. त्यानंतर आजपर्यंत लेबनॉनमध्ये अधिकृत जनगणना झालेली नाही. का झाली नाही? कारण मोजलं तर वाटे बदलावे लागतील.

१९४३ साली स्वातंत्र्याच्या वेळी दोन पुढाऱ्यांनी एक समझोता केला. बिशारा अल-खूरी हे मॅरोनाइट आणि रियाद अस-सुल्ह हे सुन्नी. समझोता तोंडी होता, कुठेही लिहिलेला नव्हता. ख्रिश्चनांनी फ्रान्सच्या संरक्षणाचा हट्ट सोडायचा, मुसलमानांनी सिरियात विलीन होण्याचा. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट, पंतप्रधान सुन्नी. संसदेचा सभापती शिया, ही प्रथाही लवकरच रुळली. संसदेत दर सहा ख्रिस्ती सभासदांमागे पाच मुसलमान. त्यामुळे संसदेची संख्या नेहमी अकराच्या पटीत असे. जॉर्ज नक्काश नावाच्या पत्रकाराने १९४९ साली लिहिलं, की दोन नकारांची बेरीज करून राष्ट्र तयार होत नाही. त्याबद्दल त्याला तुरुंगवास झाला.

कोणी गालिब नाही

१९५८ मध्ये पहिला तडा गेला. राष्ट्राध्यक्ष कमील शमून यांच्याविरुद्ध बंड झालं, अमेरिकन सैन्य बैरूतच्या किनाऱ्यावर उतरलं, आणि अखेर लष्करप्रमुख फुआद शिहाब राष्ट्राध्यक्ष झाले. तेव्हा विरोधी पक्षाचे सुन्नी पुढारी सायब सलाम यांच्या नावाने एक घोषणा गाजली : "ला गालिब, वला मगलूब." उर्दू येणाऱ्याला याचा अर्थ सांगायला नको. गालिब म्हणजे वरचढ ठरलेला, मगलूब म्हणजे हरलेला. कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही. सत्तेच्या वाटणीचं सगळं तत्त्वज्ञान या चार शब्दांत आहे. यादवीत एक बाजू पूर्ण जिंकली तर दुसरीला घर सोडावं लागतं किंवा जीव. म्हणून दोघांनाही उभं ठेवायचं. यात शहाणपण आहे, ते नाकारून चालणार नाही.

पण ही घोषणा दुखणं बरं करत नव्हती. लोकसंख्या बदलत होती. दक्षिणेतले आणि बिका खोऱ्यातले शिया सर्वांत गरीब होते, त्यांची संख्या वाढत होती, आणि वाटा मात्र १९३२ च्या हिशेबाने ठरलेला होता. १९४८ पासून आलेले पॅलेस्टिनी निर्वासित छावण्यांत राहत होते. जॉर्डनमधून १९७० नंतर हाकलले गेलेले पॅलेस्टिनी लढवय्येही लेबनॉनमध्ये आले. ज्या देशात कोणाची संख्या किती यावर सगळं उभं आहे, तिथे बाहेरून आलेला प्रत्येक माणूस कोणाच्या तरी वाट्याला धोका वाटतो.

१३ एप्रिल १९७५ रोजी बैरूतच्या ऐन अर-रुम्माना भागात एका बसवर फलांजिस्ट मिलिशियाने गोळीबार केला. बसमधले पंचवीसहून अधिक पॅलेस्टिनी मारले गेले. तिथून युद्ध पेटलं. ओळखपत्रावर धर्मपंथ लिहिलेला असे. रस्त्यावर नाके उभे राहिले, कार्ड बघून माणसाला गाडीतून उतरवून मारलं जाऊ लागलं. जी नोंद सत्तेत वाटा मिळावा म्हणून ठेवलेली होती, तिनेच माणसाचा जीव घेतला. बैरूतच्या मधून एक रेषा पडली. निर्मनुष्य रस्त्यांत झाडंझुडपं उगवली आणि लोक तिला 'हिरवी रेषा' म्हणू लागले.

हे युद्ध फक्त ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान होतं असं समजणं मोठी चूक आहे. १९७६ मध्ये सिरियाचं सैन्य आलं ते पॅलेस्टिनी आणि डाव्यांच्या विरोधात, ख्रिस्ती पक्षांना वाचवायला. १९८२ मध्ये इस्रायलने बैरूतपर्यंत धडक मारली. त्याच सप्टेंबरात सब्रा आणि शातिलाच्या छावण्यांत, इस्रायली सैन्याच्या वेढ्यात, ख्रिस्ती मिलिशियाने पॅलेस्टिनी आणि लेबनॉनी गरिबांची कत्तल केली. पण १९८५ ते १९८८ दरम्यान पॅलेस्टिनी छावण्यांना वेढा घालून उपाशी मारलं ते अमल या शिया संघटनेने. नंतर अमल आणि हिजबुल्लाह आपसांत लढले. १९९० मध्ये जनरल मिशेल औन आणि समीर जाजा ही दोन मॅरोनाइट सैन्यं एकमेकांवर तोफा डागत होती. मजहबच्या नावाने सुरू झालेलं भांडण शेवटी आपल्याच घरात येतं, हे लेबनॉनने पंधरा वर्षांत सगळ्यांना दाखवलं. युद्धात मेलेल्यांचा आकडा सव्वा ते दीड लाखाच्या आसपास सांगितला जातो. बेपत्ता झालेल्यांचा आकडा सतरा हजार.

ताइफमध्ये काय ठरलं

सौदी अरबस्तान, मोरोक्को आणि अल्जीरिया या तीन देशांच्या समितीने हा तह घडवून आणला. अरब लीगचे दूत लखदर इब्राहिमी, संसदेचे सभापती हुसैन अल-हुसैनी आणि सौदीत पैसा कमावलेले लेबनॉनी उद्योगपती रफीक हरीरी यांची त्यात मोठी धडपड होती.

सहाला पाच हे प्रमाण गेलं आणि निम्मे-निम्मे आलं. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइटच राहिला, पण त्याचे बरेचसे अधिकार मंत्रिमंडळाकडे गेले. पंतप्रधान बळकट झाला. सभापतीची मुदत एका वर्षाची होती, ती चार वर्षांची झाली. सर्व मिलिशियांनी सहा महिन्यांत शस्त्रं खाली ठेवायची. सिरियाच्या सैन्याने दोन वर्षं मदत करून बिका खोऱ्याकडे मागे सरकायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं, पंथवार वाटणी संपवणं हे राष्ट्राचं ध्येय मानायचं. त्यासाठी राष्ट्रीय समिती नेमायची. पुढे पंथविरहित संसद निवडायची आणि धर्मसमूहांच्या मोठ्या प्रश्नांसाठी वेगळं वरिष्ठ सभागृह ठेवायचं.

म्हणजे ताइफच्या तहात आजार आणि औषध दोन्ही लिहिलेले होते. इथे शब्दांची एक गंमत सांगतो. अरबीत पंथाला 'ताइफा' म्हणतात आणि पंथवादाला 'ताइफिय्या'. ताइफ शहर, ताइफा आणि आपला हजमधला तवाफ हे एकाच धातूतले शब्द. मराठीत आपण गाड्यांचा ताफा म्हणतो तो याच घराण्यातला. लेबनॉनचे ताफे ताइफमध्ये जमले आणि ताफे मोडायचं ठरवून परत गेले.

तहाला मंजुरी मिळाली ५ नोव्हेंबरला. त्याच दिवशी रने मुअव्वद राष्ट्राध्यक्ष निवडले गेले. सतराव्या दिवशी, लेबनॉनच्या स्वातंत्र्यदिनी, बॉम्बस्फोटात त्यांची हत्या झाली. इल्यास हरावी त्यांच्या जागी आले. जनरल औन यांना हा तह मान्य नव्हता, ते राष्ट्राध्यक्षांच्या महालात ठाण मांडून बसले होते. १३ ऑक्टोबर १९९० रोजी सिरियाच्या सैन्याने आणि विमानांनी त्यांना तिथून हुसकावलं. युद्ध संपलं ते त्या दिवशी. अमेरिकेने त्याकडे डोळेझाक केली, कारण सद्दाम हुसेनविरुद्धच्या आघाडीत तिला सिरिया हवा होता.

हे नीट लक्षात घ्यायला हवं. नुसत्या वाटणीने युद्ध थांबलं नाही. वाटणीचा कागद होता, लोक थकलेले होते, आणि एका शेजाऱ्याची फौज होती. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. त्या फौजेने आपली किंमत पुरेपूर वसूल केली. दोन वर्षांसाठी ठरलेली सिरियाची सावली पंधरा वर्षं राहिली. १४ फेब्रुवारी २००५ रोजी रफीक हरीरींची हत्या झाली आणि लाखो लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे एप्रिलमध्ये सिरियाचं सैन्य गेलं.

बंदूकवाले मंत्री झाले

वाटणीत वाटा कोणाला मिळतो? ज्याच्याकडे बंदूक असते त्याला. ज्या दुकानदाराने पंधरा वर्षं दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना उधार दिलं त्याला कोणी ताइफला बोलावत नाही. १९९१ च्या ऑगस्टमध्ये माफीचा कायदा झाला आणि युद्धातल्या बहुतेक गुन्ह्यांवर पडदा पडला. मिलिशियांचे म्होरके मंत्री झाले. अमलचे नबीह बेर्री १९९२ मध्ये सभापती झाले, ते तेव्हापासून आजतागायत त्याच खुर्चीवर आहेत. सब्रा-शातिलाच्या कत्तलीत ज्या मिलिशियाचं नाव आलं तिच्या गुप्तहेर विभागाचा प्रमुख एली होबेइका, तोही मंत्री झाला. हिजबुल्लाहची शस्त्रं राहिली. कारण दक्षिण लेबनॉनवर इस्रायलचा कब्जा होता आणि ती शस्त्रं मिलिशियाची नसून प्रतिकाराची मानली गेली. २००० साली इस्रायल गेला, शस्त्रं मात्र राहिली.

आणि बेपत्ता झालेले सतरा हजार? त्यांच्याविषयी विचारायचं कोणाला? ज्याला विचारायचं तोच मंत्री. वदाद हलवानी या शिक्षिकेच्या नवऱ्याला १९८२ च्या सप्टेंबरात घरातून उचलून नेलं. तिने इतर कुटुंबांना जमवून संघटना उभी केली. अशा बायका वर्षानुवर्षं फोटो हातात घेऊन उभ्या राहिल्या. बेपत्तांचा शोध घेण्याचा कायदा झाला २०१८ साली, म्हणजे युद्ध संपून अठ्ठावीस वर्षांनी.

आजची संसद १२८ जणांची आहे. चौसष्ट-चौसष्ट. मॅरोनाइट ३४, सुन्नी २७, शिया २७, ऑर्थोडॉक्स १४, द्रूझ ८, ग्रीक कॅथलिक ८, असं करत अलवींना २ आणि लहान ख्रिस्ती पंथांना एकेक. कोणावर अन्याय होऊ नये म्हणून इतकी बारीक मापं. पण या मापात 'नुसता लेबनॉनी' अशी एकही जागा नाही. पंथवाद संपवणारी समिती कागदावरच राहिली. सगळ्यांची संमती असल्याशिवाय काही करायचं नाही, याचा व्यवहारातला अर्थ झाला काहीच करायचं नाही. २००८ मध्ये बैरूतच्या रस्त्यांवर पुन्हा गोळ्या चालल्या. तेव्हा दोहात नवा समझोता झाला : तीस मंत्र्यांपैकी अकरा विरोधकांचे, म्हणजे एक तृतीयांशाहून एक जास्त, जेणेकरून त्यांना हवं तेव्हा सरकार अडवता यावं. २०१४ ते २०१६ देशाला राष्ट्राध्यक्ष नव्हता. २०२२ च्या ऑक्टोबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत पुन्हा नव्हता. २०१५ मध्ये बैरूतचा कचरा महिनोन् महिने उचलला गेला नाही, कारण कंत्राटात कोणाचा किती हिस्सा यावर एकमत होईना. कचऱ्यालाही पंथ चिकटला.

१७ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलवर कर लावायची बातमी आली आणि लोकांचा संयम सुटला. त्रिपोलीतले सुन्नी, नबतियेचे शिया, बैरूतचे ख्रिस्ती एकच घोषणा देत होते : "कुल्लुन यअनी कुल्लुन." सगळे म्हणजे सगळे. सगळेच पुढारी जबाबदार, आमचाही त्यात आला. देशाच्या इतिहासात बहुधा प्रथमच इतक्या लोकांनी आपल्या पंथाच्या पुढाऱ्याला आपला वाटा मानायचं नाकारलं. पण पाठोपाठ बँका बुडाल्या, मार्च २०२० मध्ये देशाने कर्ज फेडायला असमर्थता दाखवली, आणि ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात साठवलेल्या २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. दोनशेहून जास्त माणसं मेली. तो साठा तिथे आहे हे अनेक खात्यांना वर्षानुवर्षं माहीत होतं. सगळ्यांचं सरकार असलं की जबाबदारी कोणाचीच नसते.

दुसरीकडे काय झालं

म्हणून सत्तेची वाटणी वाईटच, असा निष्कर्ष काढायची घाई करू नये. १९९० साली बैरूतच्या ज्या आईचा मुलगा शाळेतून जिवंत घरी येऊ लागला, तिला राज्यघटनेतलं वैगुण्य सांगून उपयोग नाही. देश बुडाला, बाहेरून हल्ले झाले, तरी त्या प्रमाणावरची यादवी पुन्हा झालेली नाही. हे ताइफच्या खात्यावर जमा धरावंच लागेल.

बुरुंडीचं पाहा. हुतू आणि तुत्सी यांच्या यादवीत तिथे सुमारे तीन लाख माणसं मेली. आधी टांझानियाचे न्येरेरे आणि त्यांच्यानंतर मंडेला यांच्या मध्यस्थीने २००० साली अरुशा इथे करार झाला. सरकारात आणि लोकसभेत हुतू जास्तीत जास्त ६० टक्के, तुत्सी ४० टक्के, सैन्यात निम्मे-निम्मे. पण त्यांनी एक शहाणी अट घातली. पक्षांना मिश्र याद्या द्याव्या लागतील. यादीत लागोपाठच्या तीन उमेदवारांत एकाच जमातीचे दोनपेक्षा जास्त नकोत. म्हणजे वाटे ठेवले, पण प्रत्येक पक्षाला दुसऱ्याच्या दारात जायला लावलं. २०१५ मध्ये बुरुंडीत पुन्हा अस्थिरता आली. राष्ट्राध्यक्षांच्या तिसऱ्या कारकिर्दीवरून गोळीबार झाला, लोक देश सोडून गेले. पण तेव्हा विरोधकांत हुतूही होते आणि तुत्सीही. जुनी रेघ पुसट झाली होती.

शेजारच्या रुवांडात १९९३ साली त्याच अरुशा शहरात वाटणीचा करार झाला होता. ज्यांना तो नको होता ते तयारी करत राहिले. आठ महिन्यांनी राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं कापली गेली. ज्या करारामागे पाहारा नाही त्याच्यावर विसंबलेल्या माणसांचं काय होतं, ते रुवांडाने दाखवलं.

बोस्नियात १९९५ च्या डेटन करारात तीन राष्ट्राध्यक्ष ठरले : एक बोस्नियाक मुसलमान, एक सर्ब, एक क्रोएट. मग ज्यू किंवा रोमा माणसाने काय करायचं? तो उभाच राहू शकत नव्हता. २००९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव आहे असा निकाल दिला. वाटे ठरवणारे लोक वाट्याबाहेरच्यांना नेहमी विसरतात.

मला सर्वांत शहाणा रस्ता दक्षिण आफ्रिकेचा वाटतो. १९९२ मध्ये कम्युनिस्ट पुढारी जो स्लोव्हो यांनी सुचवलं, की गोऱ्यांना सत्तेत वाटा द्या, पण ठरावीक मुदतीसाठी. त्याप्रमाणे १९९४ नंतरच्या पाच वर्षांसाठी, वीस किंवा जास्त जागा मिळवणाऱ्या प्रत्येक पक्षाला मंत्रिमंडळात जागा मागण्याचा हक्क मिळाला. वाटा पक्षाला होता, कातडीच्या रंगाला नव्हता. डी क्लर्क उपाध्यक्ष झाले, १९९६ मध्ये त्यांचा पक्ष बाहेर पडला, आणि आभाळ कोसळलं नाही. माफी तिथेही होती, पण फुकट नव्हती. न्यायमंत्री दुल्लाह उमर, केपटाऊनचे एक मुसलमान वकील, यांनी सत्य आणि समेट आयोगाचा कायदा आणला. ज्याने आपला राजकीय गुन्हा पूर्ण कबूल केला त्यालाच माफी मिळू शकत होती. लेबनॉनमध्ये माफी आधी मिळाली आणि सत्य कधी सांगावंच लागलं नाही.

म्हणून माझ्या मते प्रश्न वाटा द्यावा की देऊ नये असा नाही. पाय मोडला की प्लास्टर घालावंच लागतं. पण डॉक्टर घालतानाच ते कधी काढायचं याची तारीख लिहून देतो. ताइफने सिरियाच्या सैन्याला तारीख दिली, मिलिशियांना तारीख दिली. पंथवार वाटणीला मात्र 'टप्प्याटप्प्याने' एवढाच शब्द दिला. आणि प्लास्टर काढायचं काम ज्यांच्यावर सोपवलं, ते त्याच प्लास्टरच्या आधाराने उभे होते.

आपल्या बैठकीत

भारतात लेबनॉनसारखी यादवी नाही, त्यामुळे तुलना जपून करावी. पण वाट्याचा विषय आपल्यालाही नवा नाही. १९०९ साली स्वतंत्र मतदारसंघ आले. १९१६ च्या लखनौ कराराने प्रांतवार मुसलमानांचं प्रमाण ठरवलं. सिंध ज्यात होतं त्या आपल्या मुंबई इलाख्यात एक तृतीयांश. १९४६ च्या हंगामी सरकारात काँग्रेस आणि लीग एकत्र बसले आणि एकमेकांचे पाय ओढण्यातच महिने गेले. घटना समितीत धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा आधी मान्य झाल्या होत्या, १९४९ मध्ये त्या सोडून दिल्या. बेगम ऐज़ाज़ रसूल यांनी राखीव जागांना विरोध केला; अल्पसंख्याकाला त्याने कायमचं वेगळं पाडलं जाईल ही त्यांची भीती होती. मद्रासचे मुहम्मद इस्माईल उलट बाजूने बोलत होते. कोणाचं बरोबर, यावर आजही आपल्याकडे चहाचे कप थंड होतात.

विधानसभेत आपले सभासद मोजताना बोटं उरतात, ही खंत खोटी नाही. ती मलाही आहे. पण लेबनॉनमध्ये मुसलमानांच्या चौसष्ट जागा आहेत, आणि त्रिपोली या सुन्नी शहरातली गरिबी देशातली सर्वांत वाईट गरिबी म्हणून ओळखली जाते. जागा मिळाल्या, त्या जागांवर बसणाऱ्याला जाब विचारायची सोय राहिली नाही. आपला माणूस आहे, एवढंच त्याचं भांडवल. हिस्सा मागताना हा धडा बाजूला ठेवून चालणार नाही.

शेवटी शिक्षक म्हणून एक गोष्ट. ताइफच्या तहात एक कलम असं आहे, की इतिहासाचं आणि नागरिकशास्त्राचं पुस्तक सगळ्या देशात एक असावं. इतिहासाच्या पुस्तकासाठी समित्या झाल्या, मसुदे झाले, एकही टिकला नाही. लेबनॉनच्या शाळांत इतिहास आजही साधारण १९४३ च्या आसपास, स्वातंत्र्यापाशी, येऊन थांबतो. पंधरा वर्षांचं युद्ध पुस्तकात नाही. ते मुलगा घरी शिकतो, आजोबांकडून, गल्लीतल्या भिंतीवरच्या फोटोंकडून. आणि प्रत्येक गल्लीत धडा वेगळा.

आपल्या महाराष्ट्रात बालभारतीचं इतिहासाचं पुस्तक मराठी माध्यमाला आणि उर्दू माध्यमाला एकच असतं, फक्त भाषा बदलते. चौथीची पोरं शिवरायांचा धडा एका वर्गात मराठीत वाचतात, दुसऱ्या वर्गात उर्दूत. त्या पुस्तकात काय असावं, काय गाळलं, यावर आपण भांडतो आणि भांडलंही पाहिजे. मी स्वतः भांडलो आहे. पण भांडायला समोर एक पुस्तक आहे, ही गोष्ट किती मोलाची आहे ते मला लेबनॉन वाचल्यावर कळलं. १२८ जागांचे बारीक वाटे पाडणाऱ्या त्या देशाला गेल्या पस्तीस वर्षांत ते एक पुस्तक लिहिता आलेलं नाही.